कोलॅजेन पावडर गुडघ्यापर्यंत पोचते का?

गव्हांकुर (सोमवार, रात्री ९:४०)
आईचे गुडघे दुखतात. वय ६८. डॉक्टरांनी एक्स-रे बघून 'झीज आहे, मांडीचे स्नायू बळकट करा' म्हणून व्यायाम लिहून दिला. तो ती चार दिवस करते, मग 'आज पाहुणे होते' सुरू होतं. आता वहिनीने कोलॅजेन पावडरचा डबा आणून दिलाय. रोज सकाळी कोमट पाण्यातून एक मोठा चमचा. डब्यावर गुडघा, नितळ गाल आणि लांब केस अशी तिन्ही चित्रं आहेत. पोटात गेल्यावर नक्की कुठे वळायचं हे त्या पावडरीला कोण सांगतं, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न असा. शाळेत शिकल्याचं आठवतं की प्रथिनं पोटात गेली की तुटतात आणि अमिनो आम्लं उरतात. मग कोलॅजेन खाल्लं काय आणि मुगाची डाळ खाल्ली काय, पुढे सगळं एकच ना? वहिनीला असं म्हटलं तर म्हणाली, "तू बीकॉम आहेस." ते खरंच आहे. म्हणून इथे विचारतेय.

खमंग_ढोकळा (९:५२)
आधी किंमत सांगा, मग शास्त्र बघू.

गव्हांकुर (९:५५)
२,४०० रुपये. महिनाभर पुरतो म्हणे.

खमंग_ढोकळा (९:५६)
बघितलं शास्त्र. _/\_

पेप्टाइड_काकू (रात्री ११:१०)
आयुष्यभर कॉलेजात जीवरसायन शिकवलं आहे, त्यामुळे थोडं लांबेल. बीकॉमवालीचा मुद्दा बरोबर आहे, फक्त पुढे दोन पावलं जायला हवं.

कोलॅजेन हे आपल्या अंगातलं सगळ्यात मुबलक प्रथिन. एकूण प्रथिनांच्या पाव ते तृतीयांश. तीन लांब साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि प्रत्येक साखळीत दर तिसरी जागा ग्लायसीनची असते. पिळाच्या गाभ्यात इतकी कमी जागा असते की सगळ्यात लहान अमिनो आम्लच तिथे मावतं.

डब्यातली पावडर म्हणजे याच साखळ्यांचे आधीच केलेले लहान तुकडे. ते पोटात गेले की पेप्सिन त्यांना तोडतं. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेलं ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन तोडतात, उरलंसुरलं आतड्याच्या अस्तरावरची विकरं (एन्झाइम). शेवटी रक्तात जातात ती सुटी अमिनो आम्लं, किंवा फार तर दोन-तीन जोडलेली. स्वेटर उसवला की हातात लोकर उरते. तिचे मोजे करायचे की टोपी हे विणणारा ठरवतो, आधी तो स्वेटर होता याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. विणायचं काम पेशीतल्या रायबोसोम या यंत्राचं, आणि काय विणायचं तो हुकूम जनुकाकडून येतो. आईंच्या चमच्यातलं ग्लायसीन यकृतात जाऊन अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनात बसेल, लाल रक्तपेशींसाठी लागणाऱ्या हीममध्ये जाईल, किंवा सरळ जाळलं जाईल आणि त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे बाहेर पडेल.

आता डाळ आणि कोलॅजेन एकच का? नाही. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल अजिबात नसतं. मुगात असतं. निव्वळ प्रथिन म्हणून बघाल तर २,४०० चा डबा मुगापुढे कमीच पडतो.

सांजवारा (११:२२)
काकू, दंडवत. वाखु (वाचनखूण) साठवली.

डंबेल_दादा (मंगळवार, सकाळी ६:३५)
काकू, पूर्ण आदर ठेवून असहमत. 'सगळं उसवलं जातं' हे तितकंसं खरं नाही. प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन या अमिनो आम्लांची जोडी चिवट असते. कोलॅजेन खाल्ल्यावर ती रक्तात सापडते, हे मोजलेलं आहे. आणि प्रयोगशाळेत ही जोडी कोलॅजेन बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींना दिली की त्या कामाला लागतात. म्हणजे विटा म्हणून नाही, तर 'कुठेतरी कोलॅजेन तुटलंय, दुरुस्ती काढा' असा निरोप म्हणून ती उपयोगी पडत असेल. स्वतः घेतो. खांदा पूर्वी कुरकुरायचा, आता नाही.

खमंग_ढोकळा (६:५०)
त्याच काळात तुम्ही बेंच प्रेसचं वजन कमी केलं होतंत, असं तुम्हीच व्यायामाच्या धाग्यावर लिहिलंय. ;)

डंबेल_दादा (६:५२)
तुमची स्मरणशक्ती कुठल्या पावडरीवर चालते?

केमिस्ट_कोपरा (सकाळी १०:१५)
दुकान चालवतो, असे डबे विकतोही, त्यामुळे हितसंबंध आधीच जाहीर.

प्रथिन तोंडातून जाऊन जसंच्या तसं रक्तात पोचत असतं तर इन्सुलिनची सुई कधीच गेली असती. इन्सुलिन म्हणजे उणीपुरी ५१ अमिनो आम्लं, तरी पोटात टिकत नाही. आता मधुमेहावरच्या सेमाग्लुटाइड औषधाची गोळी आली आहे, ते तर त्याहून छोटं. पण त्या गोळीत शोषणासाठी वेगळं रसायन घालावं लागलं. रिकाम्या पोटी, घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, पुढे अर्धा तास चहासुद्धा नाही. एवढे सोपस्कार करून जेमतेम एक टक्का औषध रक्तात जातं. आणि इथे लोक पावडर कॉफीत ढवळून डायरेक्ट गालावर पोचवतात.

पेप्टाइड_काकू (दुपारी १:०५)
डंबेल_दादा, जोडीचा मुद्दा खरा आहे, मी 'दोन-तीन जोडलेली' म्हटलं त्यात ती येते. पण काचेच्या बशीतल्या पेशी आणि ६८ वर्षांचा गुडघा यांत बरंच अंतर आहे. त्वचेवरच्या चाचण्या पुष्कळ झाल्यात आणि थोडा फायदा दाखवणाऱ्याही आहेत. मात्र २०२५ साली अशा चाचण्यांचं जे एकत्रित विश्लेषण आलं, त्यात कंपन्यांच्या पैशावर झालेल्या चाचण्या बाजूला काढल्यावर फायदा दिसेनासा झाला.

आणि हायड्रॉक्सिप्रोलीनची एक गंमत, जी मला वर्गात सांगायला फार आवडायची. कोलॅजेनची खूण म्हणजे हे अमिनो आम्ल. पण जनुकांच्या लिपीत त्याच्यासाठी अक्षरच नाही! रायबोसोम साधं प्रोलीन बसवतो आणि साखळी तयार झाल्यावर एक विकर त्यातल्या काही प्रोलीनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी चिकटवतं. म्हणजे तुम्ही खाल्लेलं तयार हायड्रॉक्सिप्रोलीन तुमच्या नव्या कोलॅजेनमध्ये बसूच शकत नाही. अख्ख्या डब्यात जे 'खास कोलॅजेनचं' आहे, नेमकं तेच शरीर फोडून टाकतं.

गव्हांकुर (१:२०)
काकू, हे वहिनीला तसंच्या तसं पाठवलं. निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

एक विचारायचं राहिलं. हे शाकाहारी असतं ना? आई एकादशीला कांदासुद्धा खात नाही.

केमिस्ट_कोपरा (१:२४)
डब्यावरचा ठिपका बघा. हिरवा आहे का?

गव्हांकुर (१:३१)
लेबल सोलून बघितलं. ठिपका हिरवा नाही. आणि 'मरीन' लिहिलंय. मला वाटलं सैंधव मिठासारखं काहीतरी असेल.

खमंग_ढोकळा (१:३२)
मासे आहेत हो मासे! खवले आणि कातडी!

कोकणी_दुबईकर (१:४०)
काकींना सांगू नका आता. झालं ते झालं. समुद्राचं फळ समजा.

गव्हांकुर (१:४४)
दादा, ही चेष्टा नाही. आज संध्याकाळी सांगणार आहे. ती रागावेल, पण तिला न सांगता चालू ठेवणं मला जमणार नाही.

पेप्टाइड_काकू (१:५८)
अगदी योग्य. कोलॅजेन प्राण्यांतच असतं, वनस्पती ते बनवतच नाहीत. 'व्हेगन कोलॅजेन' म्हणून जे विकतात त्यात बहुतेक वेळा क जीवनसत्त्व आणि सुटी अमिनो आम्लं असतात.

मटणमसाला (दुपारी ३:१०)
ज्यांना चालतं त्यांनी पाया करावा. खुरं भाजून, खरवडून, मंद आचेवर पाच-सहा तास. कुकरच्या शिट्ट्यांवर भागवू नका. रात्री रस्सा फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी चमचा उभा राहील इतका घट्ट. तीच जिलेटिन, म्हणजे पीळ सुटलेलं कोलॅजेन. परत गरम केलं की पाणी. चव मात्र डब्यातल्या पावडरीला सात जन्मांत यायची नाही.

आणि प्रथिन तुटताना डोळ्यांनी बघायचं तर जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस घाला. रात्रभर ठेवा, सेटच होत नाही. अननसातलं ब्रोमेलेन साखळ्या कापत बसतं. डब्यातला अननस घातला तर छान सेट होते, कारण डबाबंद करताना तापवल्यामुळे विकर मेलेलं असतं. जून मटणाला कच्ची पपई लावतो ती याचसाठी.

सांजवारा (३:३०)
आमच्याकडे चायना ग्रासमध्ये ताजा अननस घातला तरी जेली सेट होते. ती कशी?

मटणमसाला (३:३६)
चायना ग्रास समुद्री शेवाळातून येतं. ते प्रथिन नव्हे, साखरेच्या रेणूंची साखळी. ब्रोमेलेनला त्यात तोडण्यासारखं काही सापडत नाही.

रंकाळ्याकाठी (संध्याकाळी ७:४५)
धागा पायापर्यंत आलाच आहे तर पायातलंही सांगतो. आमचा कोल्हापुरीचा धंदा, आता तिसरी पिढी. तुम्ही ज्याला कोलॅजेन म्हणता ते आम्ही रोज हाताळतो, कारण कातडं म्हणजे बहुतांश तेच.

ओलं कातडं तसंच ठेवलं तर उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वास मारतं. जंतू त्याला तोडायला लागलेले असतात. म्हणून आधी चुन्यात मुरवून केस आणि चरबी काढायची. मग जुन्या पद्धतीत कातडं शिवून त्याची पिशवी करतात, ती टांगतात, आत बाभळीची साल आणि हिरडा भरतात आणि वरून त्याचंच पाणी ओतत राहतात. पाणी कातड्यातून झिरपून खाली भांड्यात गळतं, तेच परत वर ओतायचं. रंग हळूहळू पिवळट तांबूस होतो. आजोबा कडेची कापून बघायचे. मधोमध पांढरी रेघ दिसली तर अजून कच्चं. रेघ गेली की कमावलं.

सालीतलं टॅनिन कोलॅजेनच्या धाग्यांमध्ये शिरून त्यांना बांधून ठेवतं, मग जंतूंच्या विकरांना तोडायला जागाच मिळत नाही, असं आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. हिरडा चावला की जीभ आखडते, तिथेही टॅनिन थुंकीतल्या प्रथिनांना धरतं.

जुनी_वही (रात्री ९:००)
रंकाळ्याकाठी, प्रतिसाद फार आवडला. चामड्यावरून आठवलं, कोलॅजेनचा तिपदरी पीळ उलगडला तो भारतात. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली ही रचना मांडली, १९५५ मध्ये सुधारून परत. क्ष-किरणांसाठी शुद्ध कोलॅजेन हवं होतं, ते मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून मिळालं. कांगारूच्या शेपटीतली कंडरा (स्नायू हाडाला बांधणारा दोर)! दर तिसरं ग्लायसीन का, याचं काकूंनी दिलेलं उत्तर त्याच रचनेतून येतं.

शेपटीवरून अजून एक. हा पीळ इतका घट्ट असतो की साधं ट्रिप्सिन त्याला हात लावू शकत नाही. तरीही शरीर कोलॅजेन मोडतं. मग मोडतं कशाने? १९६२ साली ग्रॉस आणि लापिएर यांना ते विकर सापडलं, बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत. बेडूक होताना शेपटी गळून पडत नाही, आतल्या आत विरघळते. ते विरघळवणारं कोलॅजेनेज.

पेप्टाइड_काकू (९:२५)
वा! आणि तीच विकरं आपल्या त्वचेतही असतात. ऊन लागलं की वाढतात, सिगारेटनेही वाढतात. त्यामुळे गालाची काळजी असणाऱ्यांनी बनवण्यापेक्षा मोडण्याकडे लक्ष द्यावं. टोपी, छत्री, सनस्क्रीन.

उपाशी_विठोबा (बुधवार, सकाळी ८:१०)
मोडण्याचा विषय निघालाच आहे तर ऑटोफॅजी. उपास केला की शरीर खराब प्रथिनं स्वतःच खातं, आणि हे शोधल्याबद्दल जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं. आपल्या पूर्वजांनी एकादशी उगाच नाही ठेवली.

खमंग_ढोकळा (८:१४)
एकादशी, दुप्पट खाशी.

जुनी_वही (८:४०)
नोबेल २०१६ चं, योशिनोरी ओसुमी. पण ते उपासाला नव्हतं. त्यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवून पेशी स्वतःचे भाग कसे पिशवीत घालून पचवते ते पाहिलं आणि त्यामागची जनुकं शोधली. पंधरा दिवसांतून एकदा माणसाने उपास केल्यावर काय होतं, हा त्या कामाचा विषयच नाही. शिवाय साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. त्याची साखर रक्तात आली की इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन वाढलं की ही सफाई मंदावते. वर तूप, दाण्याचं कूट आणि बटाटा.

उपाशी_विठोबा (८:५५)
मी निर्जळी करतो.

जुनी_वही (८:५८)
मग तुमच्याशी वाद नाही. पाणी तेवढं प्या.

पेप्टाइड_काकू (सकाळी ११:३०)
विठोबा, उपास करा वा न करा, मोडतोड थांबत नाही. प्रौढ माणूस दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिन खातो, पण शरीर रोज साधारण २५० ते ३०० ग्रॅम प्रथिन मोडतं आणि तेवढंच परत बांधतं. बरीचशी लोकर घरातल्याच उसवलेल्या कपड्यांची.

हे कळलं कसं, तेही ऐका. पूर्वी समज असा की मोठ्या माणसाचं शरीर एकदा बांधून झालेलं, अन्न फक्त इंधन आणि किरकोळ डागडुजीसाठी. रुडॉल्फ शोनहायमर हे ज्यू शास्त्रज्ञ १९३३ साली जर्मनी सोडून न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले. तिथे हॅरोल्ड यूरींनी जड हायड्रोजन (हायड्रोजनच, फक्त अणू वजनाने जास्त) नुकताच शोधलेला होता, पुढे जड नायट्रोजनही हाताशी आला. शोनहायमर आणि रिटेनबर्ग यांनी जड नायट्रोजनची खूण केलेलं ल्यूसीन उंदरांना खाऊ घातलं. उंदीर पूर्ण वाढलेले, वजन स्थिर. नुसतं इंधन असतं तर खूण लघवीतून बाहेर पडायला हवी होती. निम्म्याहून जास्त नायट्रोजन सापडला उंदरांच्या स्वतःच्या प्रथिनांत! एवढंच नव्हे, ल्यूसीनचा नायट्रोजन दुसऱ्याच अमिनो आम्लांवर जाऊन बसलेला. वजन तेवढंच, आणि आतला माल सतत बदलतोय.

डंबेल_दादा (११:४५)
म्हणजे गुडघ्यातला मालही बदलत असणार. मग चांगला कच्चा माल देण्यात गैर काय?

जुनी_वही (दुपारी १२:२०)
इथेच तर मेख आहे. सगळ्या प्रथिनांचा वेग सारखा नसतो. यकृतातली काही विकरं तासाभरात अर्धी होतात. त्वचेतलं कोलॅजेन अर्धं बदलायला साधारण १५ वर्षं लागतात. आणि सांध्याच्या कूर्चेतल्या (हाडांच्या टोकांवरच्या गादीतल्या) कोलॅजेनचा हिशोब आलाय ११७ वर्षं. म्हणजे माणूस संपतो, कोलॅजेन तेच.

याला वेगळा पुरावाही आहे. १९५५ ते १९६३ दरम्यानच्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला, मग घसरत गेला. त्या काळात बनलेल्या ऊतींवर त्याची तारीख पडली. टाचेच्या मागची जाड कंडरा तपासली तर तिचा गाभा माणूस सतराएक वर्षांचा असताना बनलेला निघाला, पुढे जवळपास बदललाच नाही.

सांजवारा (१२:३१)
म्हणजे गव्हांकुरच्या आईच्या गुडघ्यात अजून त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतलं कोलॅजेन आहे??

जुनी_वही (१२:३४)
जे शिल्लक आहे त्यातलं बरंचसं, हो.

कोकणी_दुबईकर (१२:५०)
क जीवनसत्त्वाचं काय? वर काकूंनी एक विकर प्रोलीनवर काहीतरी चिकटवतं म्हणून लिहिलं, त्याला क जीवनसत्त्व लागतं ना? स्कर्व्हीत, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या रोगात, हिरड्या सुटतात ते त्यामुळेच?

जुनी_वही (१:१५)
त्यामुळेच. ते नसेल तर पीळ सैल पडतो आणि नवं कोलॅजेन टिकत नाही. मोडणं मात्र चालूच राहतं. ब्रिटिश नौदलातल्या ॲन्सनच्या १७४०-४४ च्या पृथ्वीप्रदक्षिणेत एक म्हातारा खलाशी होता. १६९० च्या बॉइनच्या लढाईत तो जखमी झाला होता. पन्नास वर्षांपूर्वीच भरलेल्या त्या जखमा स्कर्व्ही झाल्यावर परत उघडल्या आणि जुळलेलं हाडही सुटलं. भरलेला व्रण म्हणजे कायमचं शिवलेलं ठिगळ नव्हे, तो सतत विणत राहावा लागतो.

खमंग_ढोकळा (१:१९)
आवळा सुपारी मागवली आत्ताच.

केमिस्ट_कोपरा (दुपारी ४:००)
गव्हांकुर, तुमच्या कामाचं: घरात कुणाला मुतखड्याचा त्रास आहे का? हायड्रॉक्सिप्रोलीन फुटताना त्यातून थोडं ऑक्झलेट तयार होतं आणि बरेचसे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. जिलेटिन खायला दिल्यावर लघवीतलं ऑक्झलेट वाढल्याचं मोजलेलं आहे. तसं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

गव्हांकुर (रात्री ९:१०)
आईला मुतखडा होऊन गेलाय, मामालाही. डबा बंद केला. मासे सांगितल्यावर तिने वाटी राखेने घासली आणि वहिनीशी फोनवर तासभर बोलली, काय ते मला कळलं नाही. परत द्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, फोडलेला डबा घेत नाही. मांडीच्या व्यायामासाठी उद्यापासून फिजिओथेरपिस्ट घरी येणार आहेत, म्हणजे 'पाहुणे होते' चालणार नाही, कारण पाहुणे तेच.

कुणाला डबा हवाय का? पाऊण भरलेला आहे.

डंबेल_दादा (९:१२)
पुण्यात असाल तर मी घेतो. अर्ध्या किमतीत.

खमंग_ढोकळा (९:१३)
घ्या, खांद्याला निरोप पाठवा.

सांजवारा (९:३०)
अवांतर: रंकाळ्याकाठी, माझी कोल्हापुरी परवा पावसात भिजून कडक झालीये. हीटरपुढे ठेवू का?

रंकाळ्याकाठी (९:४८)
अजिबात नको! ओलं चामडं तापलं की धागे आक्रसतात, मग ती परत पायात बसत नाही. कागद कोंबून सावलीत वाळवा, पंख्याखाली चालेल. पूर्ण सुकली की एरंडेलाचं बोट फिरवा, वरून आणि खालून दोन्हीकडे. आणि पावसाळ्यात रबरी घाला हो, कोल्हापुरी दिवाळीला काढायची.